कच्च्या रंगाविरुद्ध मी काढलेलं पत्रक

तुम्ही एखाद्या माणसाविरुद्ध काही छापलंत, गल्लीगल्लीत वाटलंत, आणि मग त्याच माणसाने तो कागद तुमच्या हातात देऊन ‘जरा वाचून दाखव’ म्हटलं, अशी वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली आहे. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कागद गुलाबी होता आणि त्यावरचा शब्द न् शब्द माझा होता.

आमचं घर पत्रकांवर चालायचं असं म्हटलं तरी चालेल. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन जयपूरला आलेले. कचेरी झालान्यात, घर खातीपुऱ्यात. कर्मचारी संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले, आईने किराण्याच्या याद्या केल्या, डब्यांच्या तळाला तेच कागद अंथरले. ‘निषेध’ हा शब्द मला ‘निबंध’च्या आधी लिहिता येत होता. वडिलांची हिंदी मराठी वळणाची, दही त्यांच्याकडे कधी ‘खट्टी’ तर कधी ‘खट्टा’, त्यामुळे आठवीपासून त्यांच्या मजकुरातलं स्त्रीलिंग-पुल्लिंग मीच दुरुस्त करत होते. पुढे वाक्यंही मीच आवळायला लागले. पत्रकाबद्दल त्यांचे दोन नियम होते. पहिला, वाचणारा उभ्याउभ्या वाचतो, म्हणून वाक्य छोटं ठेवायचं. दुसरा, खाली नाव नसलेलं पत्रक भित्र्या माणसाचं.

आईचं जग वेगळं होतं. ती सोलापूरची. तिच्या माहेरी तीन पिढ्या गिरणीत, त्यामुळे सूत हातात आलं की ती ते दोन बोटांत पिळून बघायचीच. जयपूरची थंडी तिने पहिल्यांदा सोसली तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी तिला विणायला बसवलं. विणकाम ती महिन्याभरात शिकली, पण बाजारातल्या लोकरीचे रंग तिला पसंत पडेनात. तिला आमसुली हवा होता. अबोली हवा होता. दुकानदार म्हणाला, “मैडम, ये कौन-सी कंपनी का है?” मग तिने बिकानेरकडची बिनरंगाची लोकर किलोने आणली आणि गच्चीवर दोन मोठी पातेली मांडून स्वतः रंगवायला घेतली.

दोन वर्षांत तो धंदा झाला. कॉलनीतून खातीपुरा स्टेशनच्या पलीकडे पोचला, हिवाळी प्रदर्शनांत तिचं टेबल लागायला लागलं. रंगांची नावं तिने बदलली नाहीत. चिठ्ठ्यांवर ‘आमसुली’, ‘गुलबक्षी’, ‘चिंतामणी’ असंच लिहायची आणि बायका ‘वो अमसूली वाली तीन लच्छी देना’ म्हणून मागायच्या. आमसूल कशाला म्हणतात ते त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. मी एकदा सोलापूरच्या मावशीला फोनवर हिंदीच्या सवयीने सांगून बसले की आई हल्ली ऊन विकते. मावशी म्हणाली, “राजस्थानात ऊन विकत घेतात? आमच्याकडं तर फुकट वाया चाललंय, पोत्यात भरून धाडू का?” लोकरीला तिकडे ऊन म्हणतात हे समजावेपर्यंत तिचं हसणं थांबेना.

आईला रंगवायला कोणी शिकवलं, हे इथे सांगायला हवं. मुरलीपुऱ्यात एक रंगरेजीण होत्या, साठीच्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे, आम्हीही. त्यांचं सगळं आयुष्य परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीच्या, आतल्या गल्लीत गेलं होतं. मुलाला सीकर रोडवरच्या एका कारखान्यात काम मिळालं तेव्हा त्या पातेल्यांसकट मुरलीपुऱ्यात आल्या. त्या साफे म्हणजे फेटे, ओढण्या आणि लटकनांच्या गोंड्यांचं सूत रंगवायच्या. लोकरीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. तरी आई पहिल्यांदा लडी घेऊन गेली तेव्हा त्यांनी तिला बसवून घेतलं. सूत आधी साध्या पाण्यात पुरतं भिजवायचं, लडी दोन काठ्यांवर फिरती ठेवायची, ओला रंग नेहमी दोन पायऱ्या गडद दिसतो म्हणून थेंब नखावर घेऊन वाळू द्यायचा आणि मग ठरवायचं, हे सगळं आपांचं. लोकरीला व्हिनेगर लागतं आणि गरम असताना गार पाण्यात एकदम टाकली तर ती आकसून घट्ट नमद्यासारखी होते, हे आई स्वतःच्या नुकसानीतून शिकली. पण डोळा तिला आपांनी दिला. आजही ती रंग बघताना नखाकडे बघते.

आता ते प्रदर्शन. डिसेंबरातला रविवार, आईच्या टेबलाभोवती सात-आठ बायका. एक बाई गर्दी सारत पुढे आली आणि तिने टेबलावर बाळाचं एक झबलं टाकलं. मुळात पांढरं. काठाला लाल सुताची क्रोशाची किनार होती आणि ती लाली धुण्यात सगळ्या झबल्यावर पसरली होती.

“ये देखो जी, आप लोगों का हाथ का रंग!”

आई म्हणाली, “हमारा नहीं है ये. हम सूत रंगतेच नहीं. हमारा ऊन है, पक्का है.”

“सब यही कहते हैं.”

बास. चौघींनी हातातल्या लड्या खाली ठेवल्या. एक म्हणाली, “मशीन का ही ठीक रहता है.” आईने त्या दिवशी दुपारीच टेबल आवरलं. आवरताना मी त्या बाईला गाठून विचारलं, हे सूत कुठलं? ती म्हणाली, मुरलीपुऱ्यातल्या रंगरेजिणीकडचं.

आपांचंच होतं ते, दुसरं कोणाचं असणार! मला ते तिथल्या तिथे कळलं. ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. मला माहीत होतं आणि तरी मी लिहिलं. ओळखीचं माणूस आहे म्हणून गप्प बसायचं असं मला घरात कोणी शिकवलेलं नव्हतं. माल विकणाऱ्याने खोटेपणा केला, त्याची झळ माझ्या आईला बसली, आणि मला लिहिता येत होतं. एवढं पुरेसं वाटलं.

त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत होते तेव्हा आईने विचारलं, “काय लिहायलीस गं एवढं?”

“कॉलेजचं आहे.”

हे खोटं होतं. पत्रकाचं नाव होतं ‘कच्चे रंग का धोखा’. कॉलेजच्या वाटेवरच्या छापखान्यात, गुलाबी कागदावर छापून घेतलं, कारण रंगीत कागद लोक लगेच फेकत नाहीत. मुरलीपुऱ्याच्या गल्ल्यांत दारोदार दिलं, उरलेलं खातीपुऱ्यात. आपांचं नाव त्यात नव्हतं. माझंही नव्हतं. खाली घातलं होतं, ‘एक जागरूक ग्राहक’. वडिलांचा दुसरा नियम मी अशा सफाईने मोडला होता की मोडताना मला तो आठवलाही नाही.

संक्रांत झाली. आईला एका गिऱ्हाइकाच्या जुन्या स्वेटरशी जुळणारा गुलबक्षी रंग साधत नव्हता, म्हणून आम्ही दोघी आपांकडे निघालो. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही. स्कूटीवर मागे बसून मी स्वतःला समजावत होते की पत्रक वृत्तीविरुद्ध आहे, माणसाविरुद्ध नाही.

आपांच्या अंगणात पाच दोऱ्या होत्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माघात त्यांवर जागा नसायची. फागण, म्हणजे फाल्गुन, जवळ आला की तिकडच्या बायका फागणिया नेसतात, पांढऱ्यावर लाल. त्यासाठी जुन्या ओढण्या महिनाभर आधी रंगायला येतात. त्या दिवशी पाचही दोऱ्या रिकाम्या होत्या. एकीवर आपांचा स्वतःचा टॉवेल वाळत होता.

“आओ बहनजी, बैठो. चाय पियो आराम से. आज फुरसत ही फुरसत है.”

आईने स्वेटर दाखवला. आपांनी तो उन्हात धरला, बघितला, बाजूला ठेवला. मग पत्र्याच्या डब्याखालून चार घड्या केलेला गुलाबी कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

“बेटी, तू पढ़ी-लिखी है. ये पूरा पढ़ के सुना. लड़का आधा पढ़ के गाली देने लगता है, आगे जाता ही नहीं.”

मी वाचायला लागले. दुसरं काय करणार? “बहनो! जो रंग पहली धुलाई में छूट जाए, वह रंग नहीं, ठगी है.”

“पहली में?” आपा मध्येच म्हणाल्या. “दूसरी तक तो मेरा भी चलता है. आगे?”

“ऐसे लोग हमारी मेहनत की कमाई पर पानी फेरते हैं.”

“पानी तो मैं रोज़ फेरती हूँ. आगे पढ़.”

“ऐसे रंगने वालों का बहिष्कार करो.”

“बहिष्कार मतलब?”

“मतलब… उनसे काम मत कराओ.”

आपांनी दोऱ्यांकडे बघितलं. “अच्छा. तो ये बात है.” मग म्हणाल्या, “किसने लिखा? नीचे नाम होगा.”

“नाम नहीं है. ‘एक जागरूक ग्राहक’ लिखा है.”

पहिल्या दोन वाक्यांतच आईने ओळखलं होतं. आमच्या घरातली पत्रकं ती वीस वर्षं ऐकत होती. ती मराठीत म्हणाली, “तू सांगतीस का मी सांगू?”

“क्या बात हो रही है मराठी में?”

“मैंने लिखा है, आपा,” मी म्हटलं.

आतून सून डोकावून गेली. आपांनी चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली, मी उचलली नाही, त्यांनी परत सरकवली.

“तेरी हिंदी अच्छी है,” त्या म्हणाल्या. “अक्ल कच्ची है.” आणि मग आईकडे बघून, “चलो, कच्ची है तो धुल जाएगी. दूसरी चढ़ा देंगे.”

आई हसली नाही. मला हसायचा धीरच नव्हता. आपाही हसल्या नाहीत, त्या नुसतं बोलल्या होत्या. पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. ते मी शक्य तितकं त्यांच्याच क्रमाने देते, कारण माझ्या पत्रकात ते असायला हवं होतं.

त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या एकच प्रश्न विचारायच्या: कच्चा की पक्का? साफा लग्नापुरता लाल हवा आणि नंतर रोजच्या वापराला पिवळा, तर कच्चा. श्रावणात लाटांच्या रेघांचा लहरिया नेसायचा आणि त्याच मलमलीचा फागणात फागणिया करायचा, तर कच्चा. कच्चा रंग पक्क्यापेक्षा चटक दिसतो, कापड उकळावं लागत नाही, आणि धुतला की कापड पुढच्या रंगाला मोकळं होतं. एका ओढणीवर त्यांनी स्वतः अकरा वेळा वेगळा रंग चढवला होता. ज्या घरात चार ओढण्या घ्यायची ऐपत नव्हती तिथल्या बाईला चार सणांना चार रंग मिळायचे. हा त्यांचा धंदा होता, त्यांच्या सासूचा होता, त्या सासूच्या सासूचा होता. रंग जाणं त्यात धरलेलंच होतं.

“और वो झबले वाली?” मी विचारलं. मला अजून एक धागा धरून राहायचं होतं.

“उसी से पूछ.”

निघताना त्या उठून दारापर्यंत आल्या. “हँसी-मज़ाक अपनी जगह,” त्या म्हणाल्या, “माफ़ मैंने किया नहीं है. फागण के आगे-पीछे जो काम आता है उससे मेरा आधा साल निकलता है. अभी पंद्रह-बीस दिन हैं. तूने रस्सी खाली की है, तू भर.”

गुलबक्षीचा स्वेटर आम्ही तिथेच विसरलो.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, “निनावी काढलंस?” दुसरा प्रश्न नव्हताच. ते चष्मा पुसून कामाला लागले, म्हणजे त्यांना जे काम येतं त्याला. “खुलासा काढू. मतलब, ‘मागील पत्रकामुळे काही गैरसमज निर्माण झाल्याचे निदर्शनास आले आहे’, अशी सुरुवात…”

“गैरसमज कोणाचा?” मी म्हटलं. “कोणी निर्माण केला? कोणाच्या निदर्शनास आला?”

“अगं, भाषा असते ती. संघटनेने माफी मागितली असं एकदा छापलं की पुढचं कोणी वाचत नाही.”

“ही संघटना नाही, बाबा. मी आहे.”

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “तुमच्या खुलाशानं त्यांची दोरी भरणार असंल तर काढा की. मी कुठं नको म्हणायली.”

वडिलांनी पेनाला टोपण लावलं. वीस वर्षांत त्यांनी काढलेलं एकही पत्रक त्यांना मागे घ्यावं लागलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो खराही होता. पण मी त्या रात्री जेवताना पहिल्यांदा विचार केला की ते कधीच चुकले नसतील, की कोणी कागद त्यांच्याच हातात देऊन वाचायला लावलं नसेल? मी हे त्यांना विचारलं नाही. मला माझ्या चुकीचं बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला न जाता झबलेवाल्या बाईचं घर शोधलं. खातीपुऱ्यातच होतं, आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. तिने दार उघडलं तेव्हा ते बाळ तिच्या कडेवर होतं.

“हाँ, पूछा था उसने,” ती म्हणाली. “कच्चा कि पक्का. मैंने कहा, जो सबसे चटक हो. बोली, चटक तो कच्चा ही है, अलग धोना. मैं भूल गई, सबके साथ मशीन में डाल दिया.”

“तो उस दिन बताया क्यों नहीं?”

“तूने पूछा कहाँ? तूने तो बस पता पूछा.”

मी घरी येऊन लिहायला बसले. पहिला मसुदा झाल्यावर वडिलांनी तो घेतला, आणि कुठल्याही मसुद्याच्या डोक्यावर लिहायचे तसं पेन्सिलीने लिहिलं, ‘कच्चा खर्डा’. ते दोन शब्द मी आयुष्यभर बघत आले होते. आमच्या घरात प्रत्येक गोष्ट आधी कच्ची लिहिली जायची, खोडली जायची, त्यावर दुसरं चढवलं जायचं, आणि त्याला कोणी कधी ठगी म्हटलं नव्हतं. मराठीत बसून विचार केला असता तर हा शब्द मला अडला असता. मी हिंदीत लिहिलं, रागात लिहिलं, आणि शब्दाचा जो अर्थ सगळ्यात सोपा होता तो उचलला.

खर्डा घेऊन मी एकटीच आपांकडे गेले आणि वाचून दाखवला. सुरुवात त्यांना पटली: ‘पिछला पर्चा मैंने लिखा था. उसमें लिखी बात ग़लत थी.’ तिसऱ्या वाक्यात मी लिहिलं होतं, ‘एक ग़रीब कारीगर की रोज़ी…’

“ये काट,” त्या म्हणाल्या. “ग़रीब-वरीब मत लिख. मैं रंगरेजन हूँ. लोग भीख देने आएँगे क्या? काम देने आएँगे.”

“फिर क्या लिखूँ?”

“लिख, कच्चा भी रंगते हैं, पक्का भी रंगते हैं, पूछ के रंगते हैं. फीका पड़े तो ले आना. बस. और गुलाबी काग़ज़ पे मत छापना, लोग समझेंगे वही है.”

मी पिवळा कागद घेतला. खाली माझं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता छापला. वडिलांनी मुद्रितं तपासली आणि ‘ग़लत’खालचं टिंब लागलं नव्हतं ते लावून घेतलं. एवढ्यातच त्यांनी आपली बाजू सांगितली असं मी समजले.

वाटायला मी त्याच दारांवर गेले. हे पहिल्या खेपेपेक्षा अवघड होतं, आणि मला कबूल करायला हरकत नाही की जास्त मजेचंही होतं. पहिल्या खेपेला लोक कागद घेऊन दार लावायचे. आता भांडायचे. एक म्हातारी जाळीच्या दाराआडून म्हणाली, “फिर आ गई? अब किसके पीछे पड़ी है?”

“अपने ही पीछे, अम्माजी.”

“अच्छा? रुक, चश्मा लाती हूँ.”

तिने तिथेच उभ्याने वाचलं, सुनेला हाक मारून तिलाही वाचायला लावलं, आणि सासू-सुनांचं माझ्यासमोरच जुंपलं. “मैं कह रही थी ना, चालीस साल से रंगवा रही हूँ! तू ही बोली कि परचे में लिखा है!” एका घरात मला चहा मिळाला, एका घरात एक गृहस्थ म्हणाले की लिहिण्याआधी विचार करणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या आहेत. मी त्यांना म्हटलं, मलाही त्यांतलीच व्हायचं आहे, कागद घ्या. त्यांनी घेतला.

तिसऱ्या दिवशी आपांच्या एका दोरीवर दोन ओढण्या होत्या. आठवड्याने अडीच दोऱ्या भरल्या. फागण लागला तेव्हा मी गेले तर चार दोऱ्या लाल-पांढऱ्या झालेल्या, आणि पाचवीवर आईचं सूत. पाचवी दोरी त्यांच्या गिऱ्हाइकांची भरली नाही, हे मी सांगायलाच हवं. लग्नाचे साफे देणारं एक मोठं घर माझ्या गुलाबी कागदानंतर दुसरीकडे गेलं होतं, ते परत आलंच नाही. मी त्यांच्या दारात दोनदा जाऊन आले. छापलेला शब्द परत गोळा करता येतो, पण शेवटच्या कागदापर्यंत नाही. आपांनी त्याचा हिशेब मला कधी ऐकवला नाही. फक्त पुढची दोन वर्षं मी दिसले की म्हणायच्या, “आओ जागरूक ग्राहक, हाथ धो के बैठो.”

आईचं सूत त्या दोरीवर कसं आलं तेही सांगते. झबल्याच्या प्रकारानंतर कच्च्या रंगाची तिची भीती वाढायच्या ऐवजी गेलीच. ती म्हणाली, लोकर पक्कीच राहू दे, पण गोंड्याचं आणि क्रोशाचं सूत मी कच्चं रंगवून बघते. आपांकडे चार महिने बसून ती शिकली. पुढच्या प्रदर्शनात तिच्या टेबलावर दोन टोपल्या होत्या आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत पाट्या: ‘पक्का’ आणि ‘कच्चा: अलग धोएँ, फीका पड़े तो वापस लाएँ’. बायका आधी हसल्या. एक म्हणाली, “मराठन बहनजी, अपनी ही चीज़ की बुराई लिख के बेच रही हो?” आई म्हणाली, “बुराई नहीं है जी, तारीख़ है. कब तक चलेगा वो लिखा है.” तिची हिंदी तोवर माझ्यापेक्षा धीट झाली होती.

आणि सूत परत यायला लागलं. तोरणाचे गोंडे सोडवून, धुऊन, लडी करून बायका घेऊन यायच्या: दिवाळीला गुलबक्षी होतं, आता चिंतामणी करा. आई लडी हातात घेऊन, दोन बोटांत पिळून सांगायची की हे सूत आपलंच आहे, तिसऱ्यांदा आलंय. पक्की लोकर नेलेलं गिऱ्हाईक वर्षाने यायचं. कच्चं सूत नेलेलं गिऱ्हाईक सणाला यायचं, बसायचं, सुनेची तक्रार सांगायचं, जायचं. धंदा यावर उभा राहिला, आजही उभा आहे.

मी अजूनही पत्रकं लिहिते आणि लिहीत राहणार. खोटा माल विकणाऱ्याविरुद्ध लिहिते, कामगाराचा पगार बुडवणाऱ्याविरुद्ध लिहिते. मला त्याची भीती वाटत नाही आणि पश्चात्तापही वाटत नाही. फक्त आता लिहिण्याआधी मी ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या अंगणात जाऊन बसते आणि त्याचा शब्द त्याच्याकडून ऐकते. त्याने त्याच्या शब्दाचा अर्थ सांगितला आणि तरीही तो खोटा ठरला, तर माझं वाक्य आणखी छोटं होतं आणि आणखी लागतं.

तुम्हाला एक काम सांगते, आणि ते याच आठवड्यात करा. तुमच्या गावात हाताने रंगवणारं कोणी ना कोणी उरलं असेल. बाजारात दोन म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर पत्ता मिळेल. घरातली एखादी विटलेली ओढणी, सुताची लडी, उसवून ठेवलेला काठ घेऊन त्यांच्याकडे जा. ‘रंग जाणार नाही ना?’ असं दरडावू नका. कच्चा रंगवाल की पक्का, आणि मला कुठला घ्यायला सांगाल, असं विचारा. ते सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या. कच्चा घेतलात तर वेगळा धुवा, आणि रंग उतरला की त्याच दारात परत घेऊन जा.